शिफ्टवरची करंगळी

मी एक जुना कीबोर्ड आहे. जुना म्हणा, चालेल. बिघडलेला म्हणायचं नाही, मित्रांनो. तेवढ्यासाठीच हे सांगतो आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका छापखान्यात आलो. तिथल्या टायपिस्ट ताईंनी अकरा वर्षं माझ्यावर पुस्तकं टाइप केली. माझ्यावरची अर्धी अक्षरं त्यांच्याच बोटांनी पुसली. "हा माझा उजवा हात," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी मूर्ख, खरं मानलं.

ताईंना एक खोड होती. लेखकाचं अक्षर लागलं नाही, की करंगळीनं शिफ्ट दाबून ठेवून त्या कागदाकडे बघत बसायच्या. यंदा मालकांनी संगणकात लिनक्स नावाची नवी प्रणाली घातली. तिच्या डेस्कटॉपवर शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं, की बटणं मुद्दाम सावकाश होतात; मग प्रत्येक बटण जरा वेळ दाबून धरलं तरच अक्षर उमटतं. हात थरथरणाऱ्यांसाठीची सोय ती. पडद्यावर तशी सूचनाही आली. ताईंनी ती न वाचताच घालवली.

झालं! भराभर टाइप केलेलं एकही अक्षर उमटेना.

"पुस्तक उद्या द्यायचंय!" मालक ओरडले. "कुणामुळे अडलंय?"

"माझ्यामुळे नाही हं! या म्हाताऱ्यामुळे," ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

बाद वस्तू कुणी चुकून परत लावू नये म्हणून तिची वायर कापायची, ही छापखान्याची रीत. कात्री ताईंनीच चालवली.

नवा कीबोर्ड आला. त्याचंही तेच! मग दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी तीन बटणं एकदम दाबली. डेस्कटॉप, त्यावरच्या खिडक्या, चित्रं सगळं बाजूला गेलं, नुसता काळा पडदा उरला. त्यावर अक्षरं धडाधड उमटली.

"कीबोर्ड ठणठणीत आहे. दुखणं डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये आहे," काका म्हणाले आणि परत डेस्कटॉपवर येऊन त्यांनी सावकाश बटणांपुढची खूण काढून टाकली. "शिफ्ट कोण दाबून बसतं हो?"

ताईंनी करंगळी मुठीत घेतली.

"मग आधीच्याला का मारलंत?" माझी कापलेली वायर बघून काकांनी विचारलं.

"तो... तसाही जुनाच झाला होता."

भंगाराच्या खोक्यात मी ते ऐकलं. कात्रीपेक्षा ते जास्त लागलं.

मित्रांनो, वस्तू जपा वगैरे मी सांगणार नाही. ते तुम्ही शाळेत ऐकता आणि विसरता. कात्री उचलण्याआधी एकदा काळा पडदा उघडून बघा. आणि चुकलात, तर तोंडानं म्हणा, "चूक माझी होती." त्यानं कापलेली वायर जुळत नाही. पण खोक्यात पडलेल्याला निदान बिघडलेला म्हणून नाही, नुसता जुना म्हणून मरता येतं.