निंगव्वाचं गाणं

पूनमनं आईला खाटेवरून उचलून खुर्चीत बसवलं. उजवा हात लुळा पडलेला. तो मांडीवर ठेवला आणि घसरू नये म्हणून खाली उशी सरकवली. मग तेलाची बाटली घेऊन ती मागं उभी राहिली. निंगव्वाचे केस बारीक कुरळे आणि इतके दाट, की फणी त्यात शिरायची नाही. ते बोटांनीच सोडवावे लागत.

“अव्वा, आज पावणे येणार हायेत. पुण्याचे. तुझ्या गाण्यासाठी.”

निंगव्वानं मान किंचित वळवली आणि सुरात म्हटलं,

“उन्हात उभ्या, उभ्याच राहू...”

पूनमनं तेलाचे हात ओढणीला पुसले, पाण्याचा पेला आणला आणि आईच्या ओठांशी धरला.

लकव्याचा झटका येऊन गेल्यापासून निंगव्वाची वाचा गेली होती. पाणी, भाकर, पूनम, यातला एकही शब्द तिला काढता येत नव्हता. तोंड उघडायची, ओठ हलवायची, आणि घशातून नुसती घरघर बाहेर पडायची. मग एका सकाळी ती एकाएकी गायला लागली. तिचंच गाणं, मोर्चातलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. त्या गाण्याच्या चार ओळी एवढीच आता तिची भाषा होती. कोणत्या ओळीला तिला काय हवं असतं, ते पूनम आणि शेजारची वच्छलामावशी हळूहळू ओळखायला शिकल्या. ‘उन्हात उभ्या’ म्हणजे पाणी. ‘दार उघडल्याबिगर न्हाय जाऊ’ म्हणजे बाहेर ओट्यावर बसव. ‘विड्या वळून बोटं झिजली’ म्हणजे अंग दुखतंय. शेवटची ओळ मात्र त्यांना कधी उलगडली नाही. संध्याकाळी ताट पुढं आलं की निंगव्वा ते डाव्या हातानं दूर सारायची आणि पूनमच्या तोंडाकडं बघत गायची, “आमची बी नावं घ्या की, सायेब, नावं घ्या.” पाणी दिलं, कूस बदलली, पाय चेपले, तरी थांबायची नाही. आपोआप दमून झोपी जायची.

पुण्याहून अजिंक्य आला तेव्हा ऊन अंगणातून ओट्यावर चढलं होतं. तिशीतला, दाढी राखलेला, खांद्याला मोठी पिशवी. दारात बूट काढून तो आत आला आणि निंगव्वासमोर खाली फरशीवरच बसला. त्याच्या मागोमाग वच्छलामावशीही आली आणि खाटेच्या कडेला टेकली.

“मी आजच्या काळातली निषेधाची गाणी गोळा करतोय,” तो म्हणाला. “अमेरिकेतल्या काळ्या गायकांची गाणी ऐकत मी मोठा झालो. त्यातल्या कितीतरी जणांना हयातीत कुणी विचारलं नाही, त्यांची गाणी दुसऱ्यांनीच गाजवली. त्याबद्दल मी व्याख्यानं देत फिरत होतो. आणि इथं सोलापुरात एक सिद्दी बाई मोर्चात उभी राहून गात होती, याचा मला पत्ताच नव्हता. कुणीतरी पाठवलेल्या क्लिपमध्ये त्यांना पाहिलं.”

“त्यांचं गाणं तर तुमी आधी ऐकलं आसंल,” पूनम म्हणाली.

“पुष्कळदा. पुण्यात दोन पथकं म्हणतात. पारंपरिक म्हणून सांगतात.”

“पारंपरिक कुटलं?” वच्छलामावशी म्हणाली. “हिनं केलं ते. कारखान्याच्या फाटकापुढं उभ्या उभ्या. मी शेजारीच व्हते की.”

निंगव्वा कर्नाटकातल्या हल्याळकडच्या रानातली. तिच्या लोकांच्या पूर्वजांना कधीकाळी जहाजांत घालून आफ्रिकेतून आणलं होतं. ते पळून रानात शिरले आणि तिथंच राहिले. रस्त्याच्या कामावर असताना अक्कलकोटच्या सिद्धारामशी तिची गाठ पडली आणि त्याच्याबरोबर ती सोलापुरात आली. तो वारेपर्यंत मार्केट यार्डात हमाली करायचा, ती विड्या वळायची. गल्लीतली पोरं तिला विचारायची, आफ्रिकेहून आलात का? ती सांगायची, हल्याळहून. कारखान्यात तिला कुणी निंगव्वा म्हणत नसे. कुणी काळी म्हणे, कुणी हबशीण. कितीतरी बायका वर्षानुवर्षं राबूनही कामगार म्हणून त्यांची नावं कुठं लागलेली नव्हती. त्यासाठी बायका फाटकापुढं बसल्या, तेव्हा निंगव्वानं आपल्या सिद्दी चालीवर ते गाणं रचलं. मागण्या निम्म्याअर्ध्या मान्य झाल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला, त्याखाली पुढाऱ्यांची नावं होती. निंगव्वा फोटोच्या कडेला होती, अर्धी कापलेली.

“आता त्या बोलत नाहीत, एवढं तुम्ही फोनवर सांगितलंत,” अजिंक्य म्हणाला. “पण गातात ना?”

“गातात. गाणं म्हणून न्हाय गात. पण गातात.”

त्यानं माइक उभा केला, छोटा रेकॉर्डर स्टुलावर ठेवला आणि वायर जोडली. निंगव्वा त्याच्या हातांकडं बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं पाण्याची ओळ म्हटली. पूनमनं पाणी दिलं. मग ती गप्प झाली. अजिंक्यनं हळू आवाजात गाणं सुरू करून पाहिलं. त्याचा सूर चांगला होता, पण निंगव्वानं डोळे मिटून घेतले. वच्छलामावशीनंही म्हणून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

अजिंक्यनं इकडंतिकडं पाहिलं. भिंतीवरच्या खुंटीला चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट टांगलेलं होतं.

“तो ढोल आहे का? क्लिपमध्ये एक मुलगा वाजवत होता.”

वच्छलामावशीनं पूनमकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

तो दमाम होता, त्यांच्या लोकांचा ढोल. निंगव्वानं माहेराहून आणलेला. तो मुलगा म्हणजे शिवू, पूनमचा धाकटा भाऊ. नीट चालायलाही लागला नव्हता तेव्हापासून तो दमाम बडवायचा, आणि पुढं मोर्चात आईच्या मागं तोच वाजवायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे, पूनमलासुद्धा नाही. सोलापुरात काम मिळेना म्हणून तो पुण्याला गेला, जेवणाचे डबे पोचवायला लागला. आईला झटका आला तेव्हा धावत आला, आठवडाभर उशाशी बसून राहिला आणि जाताना म्हणाला, “अव्वाला बरं वाटलं की मी तिला वाजवून दाखवतो.” महिनाभरानं एका डंपरनं त्याला चिरडलं. पूनम एकटीच पुण्याला गेली. सगळं तिकडंच उरकलं. परत आली ती गल्लीच्या तोंडाशी नळावर तोंड धुऊनच घरात शिरली आणि तिनं भात टाकला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धक्का बसेल असं काही यांच्या कानावर घालू नका.

सुरुवातीला ती दारात उभी राहून बंद फोन कानाला लावायची आणि मोठ्यानं बोलायची. व्हय शिवू, अव्वा बरी हाय. न्हाय, सुटी न्हाय मिळाली तरी चालंल. पुढं पुढं जमेना. एकदा बोलता बोलता आवाज गेला. त्या दिवसापासून त्या घरात शिवूचं नाव कुणी काढलं नाही. गल्लीतल्या बायकाही येताना सांभाळून बोलत. आईला फारसं काही कळत नसावं, अशी पूनमनं स्वतःची समजूत घालून घेतली होती.

“मी थोडासा ठेका धरला तर चालेल?” अजिंक्यनं विचारलं. “कदाचित त्यांना आठवेल.”

पूनमनं खुंटीकडं पाहिलं. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण नाही म्हटलं तर का नाही, हे सांगावं लागलं असतं, आईच्या देखत.

“घ्या,” ती म्हणाली.

त्यानं चादर सोडली, दमाम मांडीवर आडवा घेतला. पहिली थाप पडली तशी निंगव्वानं डोळे उघडले. तिनं त्याच्या हातांकडं पाहिलं, मग त्याच्या चेहऱ्याकडं, आणि मग बराच वेळ पूनमकडं. पूनम खुर्चीची पाठ धरून उभी होती. अजिंक्यचा ठेका जरा घाईचा होता. निंगव्वा डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर टिचक्या मारू लागली, सावकाश, आणि तो तिच्यामागं आला.

ती गायला लागली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. वच्छलामावशीनं तोंडाला पदर लावला. झटका आल्यापासून ती इतक्या भरल्या आवाजात गायली नव्हती. आवाज खरखरीत झाला होता, पण दबलेला नव्हता. अजिंक्य वाजवता वाजवता तिच्याकडं बघत होता, त्याचे डोळे पाण्यानं चमकत होते.

शेवटच्या ओळीवर ती थांबली. ओठ हलले, घशात घरघर झाली. तिनं मान हलवली, जणू ओळ चुकली होती. दांड्यावर पुन्हा टिचकी मारली. अजिंक्यनं ठेका चालू ठेवला. निंगव्वाच्या कपाळावरची शीर फुगली, आणि त्या चालीवर, त्याच सुरात, एकेक अक्षर ओढून काढत ती गायली,

“शि...वू...चं... बी... नाव... घ्या की. पो...री... नाव घ्या.”

दमाम थांबला.

बाहेर कुणाच्या तरी यंत्रमागाचा खटखटाट चालू होता, तो एकदम घरात आल्यासारखा झाला. निंगव्वा मान वर करून, मागं उभ्या असलेल्या पूनमला बघायचा प्रयत्न करत होती. पूनम खुर्चीला वळसा घालून पुढं आली. पण खाली बसली नाही.

अजिंक्यनं दबक्या आवाजात विचारलं, “ही ओळ नवीन आहे ना? हे शिवू कोण? चळवळीतले कुणी?”

वच्छलामावशी काहीतरी सांगायला उठली, पण पूनमनं तिला हातानं थांबवलं.

“माझा भाऊ,” ती म्हणाली. मग आईकडं बघत, अगदी हळू, “भाऊ व्हता.”

निंगव्वा हलली नाही. तिनं फक्त एकदा डोळे मिटले आणि उघडले. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. ते शोधत पूनम तिच्याकडं बघत राहिली, आणि ते नाही असं दिसलं तेव्हा ती आईच्या पायाशी खाली बसली.

अजिंक्य ओशाळला. “माफ करा,” असं म्हणत त्यानं दमाम बाजूला ठेवला आणि रेकॉर्डर बंद करायला हात पुढं केला. निंगव्वानं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. धरलं ते धरूनच ठेवलं. त्यानं पूनमकडं पाहिलं. रेकॉर्डरवरचा लाल दिवा तसाच लागलेला होता.

पूनमनं आईचा लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तेलानं तिची बोटं अजून ओशट होती.

“अव्वा,” ती म्हणाली, “मी भाकरी थापत व्हते बघ. तवर फोन वाजला. मला वाटलं, शिवूचाच हाय.”

निंगव्वानं मान हलवली. पुढं सांग, अशी.