साहेबांच्या चेहऱ्याचा वीर

गेम बनवणाऱ्या त्या कंपनीत लढाईचं काम एकट्याच्या गळ्यात होतं, म्हणून सगळे त्याला लढाईवाला म्हणत. खेळणाऱ्याने बोटही हलवायचं नाही, वीराने आपलं आपण लढायचं. वार कधी करायचा, जखमेवर औषध कधी लावायचं, काढता पाय कधी घ्यायचा, सगळे नियम त्याने वर्षभर रक्ताचं पाणी करून बसवले होते. आज गेम विकत घेणाऱ्या बाई यायच्या होत्या. त्यांना लढाई आवडली तर नोकरी पक्की, नाहीतर नारळ.

आणि साहेब? साहेब आठवडाभर वीराचं नाक ठरवत होते! गेममध्ये वीराचा चेहरा हवा तसा बदलायची सोय होती, तिथे ठाण मांडून बसले होते. शेवटी वीर झाला तो हुबेहूब साहेब. फक्त पोट गायब आणि टकलावर जंगल.

"सहज जुळून आलं हो," साहेब म्हणाले. सहज म्हणे!

सकाळी सगळ्यांसमोर तालीम झाली. वीराने दोन राक्षस लोळवले, तिसऱ्याने त्याला जखमी केलं, तसा तो नियमाप्रमाणे झाडामागे पळाला.

"मी पळतोय?" साहेब किंचाळले.

"तुम्ही नाही साहेब, वीर. औषध लावून परत येतो तो."

"चेहरा कुणाचा आहे? पळणं काढून टाक."

काढलं. आता वीर पळाला नाही, जागीच आडवा झाला. साहेबांचं नाक थेट चिखलात.

"राक्षसाची मला हात लावायची हिंमत होतेच कशी? तेही काढ!"

मग लढाईच काढू का, असं लढाईवाल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नोकरी आठवली की भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटते. "बरं साहेब," म्हणत त्याने आपल्या हाताने आपल्या वर्षभराच्या कामावर बोळा फिरवला.

दुपारी बाई आल्या. वीर तलवार उपसून निघाला. राक्षस निमूट बाजूला झाले. वीर चालत चालत सिंहासनावर जाऊन बसला. संपला खेळ.

"लढाई कुठाय?" बाईंनी विचारलं.

साहेब साळसूदपणे वळले. "काय रे, लढाई कुठाय?"

लढाईवाल्याच्या अंगाची लाही लाही झाली. "सकाळी साहेबांनीच सांगितलं..." एवढं बोलून तो थांबला. सकाळी हजर असलेल्यांपैकी कुणीतरी 'हो' म्हणेल अशी भाबडी आशा होती त्याला. सगळ्यांना अचानक आपापले मोबाइल महत्त्वाचे वाटू लागले.

"चेहरा बदलायची सोय मात्र छान आहे," वीराकडून साहेबांकडे बघत बाई म्हणाल्या. "तेवढंच घेते."

संध्याकाळी साहेबांनी लढाईवाल्याला दारापर्यंत सोडलं. पाठीवर हात ठेवून मायेने म्हणाले, "वेड्या, मी म्हटलं म्हणून लगेच काढायचं? जरा तरी लढायचंस की माझ्याशी!"

आणि लढाईवाला, काय सांगावं, यालाही "बरं साहेब" म्हणाला.