न्यू फोल्डर

मनीषा डबा धुवायला मागच्या नळावर गेली आणि रावजींनी तिच्या खुर्चीत बसून माउस धरला. नळ चालू आहे तोवर वेळ होता. सगळं जिथल्या तिथं होतं. मखमलाबादचं लग्न, म्हसरूळचा साखरपुडा, आडगावचं जावळ, प्रत्येक फोल्डरवर गाव, आडनाव आणि वर्ष. पोरीचं काम चोख. पण सगळ्यांच्या तळाशी एक 'न्यू फोल्डर' होतं, नाव न दिलेलं. बारशाच्या चार फोटोंनाही नाव दिल्याशिवाय जी उठत नाही, तिला याला नाव सुचलं नाही? हे रावजींना पटणं शक्यच नव्हतं.

तसं त्यांना पटकन काही पटतच नसे. ताक फुंकून प्यायला त्यांचं तोंड दुधानं पोळलेलं असायची गरज नव्हती. पण या वेळी कारण होतं. गेल्या लग्नसराईत पंचवटीतल्या एका स्टुडिओतल्या ऑपरेटरनं लग्नाच्या फोटोंतून मुलींचे फोटो कापून लग्नं जुळवणाऱ्या मध्यस्थांना दिले होते. एका बापाला आपल्या लेकीचा फोटो देवळा गावात परक्याच्या हातात दिसला. त्या स्टुडिओचं शटर पुन्हा वर गेलं नाही. भाजी आणि फुलं पिकवणारी भोवतालची घरं आपल्या लेकीबाळी रावजींच्या कॅमेऱ्यासमोर निर्धास्त उभ्या करत, आणि दुकान त्याच भरवशावर चाललं होतं. मनीषा मात्र हल्ली रावजी जवळ आले की झटकन विंडो खाली घ्यायची.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. लपवणारा माणूस कसा दिसतो ते रावजींना चांगलं ठाऊक होतं, कारण ते स्वतः घरी तेच करत होते. वत्सलाबाईंना तपासल्यावर डॉक्टरांनी रावजींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फार काही करता येणार नाही. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, अल्सर आहे, तिखट कमी कर. तिला हे कळू द्यायचं नाही, एवढं एकच आता त्यांच्या हातात उरलं होतं.

त्यांनी फोल्डर उघडलं. संगणक जुना, चित्रं उमटायला वेळ घेत होता. पहिलं उमटलं ते एका बाईचं. लग्नाच्या घोळक्यातून कापून काढलेली, एकटी. पदर तेवढा दिसला आणि नळ बंद झाला.

"काका, काही हवं होतं का?"

"नाही. कीबोर्डवर धूळ बसलीय म्हटलं."

मनीषानं पडद्याकडे पाहिलं. ओला डबा तसाच टेबलावर ठेवून तिनं विंडो बंद केली.

"कसले फोटो आहेत ते?" रावजींनी विचारलं.

"असेच."

"असेच म्हणजे? कोणाला देतेस?"

ती उत्तर देणार तोच दारात गेणू उभा राहिला. मखमलाबादचा, झेंडूवाला. धाकट्या भावाच्या लग्नाचे फोटो याच दुकानातले. त्याचा चेहरा बघून रावजींनी पुढचा प्रश्न गिळला.

"म्हातारी गेली काल," गेणू म्हणाला. "दहाव्याला फोटो लागंल. घरात तिचा एक बी नाय. कधी काढलाच नाय ना. धाकट्याच्या लग्नात मागं कुठं तरी बसली आसंल. बघा, घावली तर."

रावजींनी मनात त्या लग्नाचे फोटो आठवले आणि ते हताश झाले. मनीषानं मात्र लग्नाचं फोल्डर उघडलंच नाही. तिनं 'न्यू फोल्डर' उघडलं, आणि पडद्यावर गेणूची आई, कुसाबाई आली. मांडवाची झालर काढून मागे साधा निळा रंग भरलेला, शेजारणीचा खांदा पुसलेला, कपाळावरचं कुंकू स्वच्छ. ती कोणाकडे तरी बघून हसत होती.

गेणूनं पडद्याला बोट लावलं.

"आशीच हसायची," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडला.

तो गेल्यावर रावजी दुसरी खुर्ची ओढून मनीषाजवळ बसले.

"ती जिवंत असताना करून ठेवलास हा?" रावजी म्हणाले.

"लोक येतात तेव्हा डोळे सुजलेले असतात, काका. घोळक्यातलं आपलं माणूस ओळखू येत नाही त्यांना. मग आपण घाईत वेडंवाकडं कापून देतो. म्हणून लग्नाचं काम संपलं की म्हाताऱ्या माणसांचे फोटो आधीच काढून ठेवते. तुम्हाला सांगितलं असतं तर अभद्र म्हणाला असतात."

"अभद्रच आहे. जिवंत माणसाला हार घालून ठेवल्यासारखं."

पण त्यांच्या आवाजात तेवढा जोर नव्हता. मुलींचे फोटो नाहीत, हे कळून त्यांचा जीव खरं तर भांड्यात पडला होता. तरी संशय फिटला म्हणून सवय थोडीच जाते? त्यांनी माउस ओढून घेतला आणि ते एकेक चेहरा बघत खाली निघाले.

"काका, खालपर्यंत नका जाऊ."

असं सांगितल्यावर ते थांबणार होते थोडेच.

सगळ्यात शेवटी वत्सलाबाई होत्या. हिरवं लुगडं, नाकात नथ. पुतण्याच्या लग्नात रावजींनी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देऊन, लाजत, त्यांच्या शेजारी उभं राहून काढून घेतलेला फोटो. रावजींना त्यातून कापलं होतं.

"हिचा कशाला?" त्यांनी विचारलं. "ही काय म्हातारी आहे?"

मनीषा खाली बघत राहिली.

"काकू स्वतः आल्या होत्या. तुम्ही त्र्यंबकला शूटिंगला गेला होतात तेव्हा. सगळे फोटो बघितले आणि हा निवडला. म्हणाल्या, ह्यांना ऐन वेळी निवडता यायचा नाही."

"तिला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. त्यांना कळलंच होतं. म्हणाल्या, ह्यांना बोलू नकोस. मला काही माहीत नाही असं समजून ते धीर धरून आहेत, तर राहू दे."

रावजी पडद्याकडे बघत राहिले. वत्सलाबाईंच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. मनगटापर्यंतच, पुढे माणूस नाही. हात त्यांचाच.

"हा का ठेवलास?" ते म्हणाले. "जिवंत माणसाचा हात हाराखाली येऊ देऊ नये. पहिल्या दिवशी शिकवलं होतं तुला."

"मी पुसत होते. काकू म्हणाल्या, तो असू दे."

रावजींनी चष्मा काढला. मनीषा उठून उगाच डबा पुसत बसली. रावजींना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरायचा फारसा प्रयत्नही केला नाही.

काउंटरवरचा फोन वाजला. मनीषा उठणार होती, पण तेच उठले.

"अहो," वत्सलाबाई म्हणाल्या, "येताना ती अल्सरची गोळी आणा. संपलीय. बरं वाटतंय तिनं."

रावजींनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"वाटणारच," ते म्हणाले. "अल्सरच तर आहे."

"हो ना," त्या म्हणाल्या.

गोळीचं बोलणं झालं होतं. तरी फोन दोघांपैकी कोणीच ठेवला नाही.