शालिक-ओम, विजेचं संगीत

मित्रांनो, मला जुना म्हणालात तर चालेल, पण मोडका म्हणालात तर राग येईल. मी टेपरेकॉर्डर आहे. आता घरोघरी दिसतात ते कॅसेटवाले पोरसवदा नव्हेत हं. मला उचलायला दोन हात लागतात, आणि उचलणारा एकदा तरी 'अरे बाप रे' म्हणतो. माझ्या माथ्यावर दोन मोठी रिळं फिरतात. एका रिळाची तपकिरी पट्टी दुसऱ्यावर गुंडाळली जाते आणि जाता जाता माझ्या तीन डोक्यांना घासून जाते. हसू नका, खरोखरच तीन. पहिलं डोकं पट्टीवरचं जुनं पुसतं, दुसरं नवं लिहितं आणि तिसरं लिहिलेलं वाचून दाखवतं. त्या पुसणाऱ्या डोक्यानंच आमचा घात केला, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

मी जन्मलो कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात. तिथून मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबांनी मला नागपूरला आणलं. इथलं ऊन पाहून माझ्या अंगातलं रबर पहिल्याच मे महिन्यात सैल पडलं. साहेब परत निघाले तेव्हा सदुसष्ट साल होतं. जाताना त्यांनी मला सीताबर्डीच्या वामनराव लाऊडस्पीकरवाल्यांच्या हवाली केलं.

वामनरावांकडे माझा भारी रुबाब होता. सभा असो, बारसं असो, मी हजर. पण हळूहळू माझं पुसायचं डोकं थकलं, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. एका लग्नात त्यांनी माझ्यावर सनई भरून घेतली, आणि नेमक्या त्याच रिळावर आधी एका शोकसभेचं भाषण होतं. झालं! अक्षता पडत होत्या आणि सनईच्या खालून एक भारदस्त आवाज सांगत होता की यांच्या जाण्यानं आपण सारे पोरके झालो आहोत. नवरीचे वडील असे काही बघायला लागले की पंगत बसायच्या आत मी मांडवाबाहेर होतो. वामनरावांनी मला गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात टाकलं, 'नीट करून ठेव' म्हणाले, आणि पुन्हा कधी फिरकले नाहीत.

त्या दुकानाचा मालक ओमप्रकाश. तेव्हा असेल पंचविशीचा. दुकानाच्या मागच्या खोलीत एकटाच राहायचा, स्टोव्हवर खिचडी टाकायचा आणि माणसांपेक्षा रेडिओशी जास्त बोलायचा. कुणी समोर बसून दोन शब्द बोललं की याचे कान लाल. पण कान मात्र काय तयार होते त्याचे! शॉर्टवेव्हवर तो सारी पृथ्वी पालथी घालायचा. कुठल्या वाळवंटातली गाणी, कुठल्या जंगलातले ढोल, कुठल्या देवळातल्या घंटा, सगळं त्या खरखरीतून वेचून काढायचा. शिवाय जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह जोडून त्यानं एक खोका बनवला होता. त्यातून नुसता 'घूं' असा सूर निघायचा, आणि बटण फिरवलं की तो सूर चढायचा, उतरायचा, गरगरायचा.

माझं डोकं त्यानं नवं बसवलं. मी पुन्हा लख्ख पुसायला लागलो. पण शोकसभेवर सनई ही गंमत काही त्याच्या मनातून जाईना. मग त्यानं आगपेटीच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापली आणि माझ्या पुसणाऱ्या डोक्यावर चढवली. आता जुना आवाज पुसला जात नव्हता, जरा मागे सरकून नव्याला जागा करून देत होता. थर चढवावेत तसे आवाजावर आवाज चढवता यायला लागले. ओमप्रकाश त्या दिवशी एकटाच हसला. दाखवायला कुणी नव्हतं.

आणि मग शालिकराम आला. शालिकराम नागपूरजवळच्या खापा गावचा विणकर. मागावर विणलेली लुगडी घेऊन दर रविवारी एसटीच्या मोटारीनं सीताबर्डीला यायचा. त्या दिवशी बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन तो दुकानात बसला आणि बसल्या बसल्या गुणगुणायला लागला. शब्द नाहीत, काही नाही. मागावर हात चालताना जसं आपसूक निघतं तसं. ओमप्रकाशनं गुपचूप माझं भरून घ्यायचं लाल बटण दाबलं. मग तेच त्यानं निम्म्या वेगानं लावलं, खालून घूं सोडला, आणि शालिकरामला स्वतःचा आवाज खोल विहिरीतून वर येताना ऐकू आला.

"हे मी व्हय का बाप्पा?" त्यानं विचारलं.

त्या रविवारपासून तो माणूस आमचा झाला. दुपारी दुकानाची फळी अर्धी लावायची आणि दोघांनी माझ्यासमोर बसायचं. शालिकराम कधी गावच्या नाचगाण्याचा, दंडारीतला डफ आणायचा, कधी मागाचा धोटा आणून टेबलावर खटाखट आपटायचा. ओमप्रकाश त्याखाली परदेशातले ढोल सोडायचा, वर खोक्याचा सूर, आणि या सगळ्यावरून शालिकरामचं ते गुणगुणणं. कधी रीळ उलटं लावायचे, कधी मंद. ऐकताना जमीन हलल्यासारखी वाटायची. खरं सांगतो, मी लोखंडाचा असूनही मला गुंगी यायची. दोघांनी पेंटरकडून पाटी करून घेतली, 'शालिक-ओम, विजेचं संगीत'. गल्लीतले लोक मात्र आम्हाला भुताची पार्टी म्हणायचे.

त्र्याहत्तर साली गणपतीत आमचा एकुलता एक कार्यक्रम झाला. लोक सिनेमातल्या गाण्यांच्या आशेनं आले होते. पहिली दहा मिनिटं ते गाणं सुरू व्हायची वाट पाहत राहिले. मग खुर्च्या सरकायला लागल्या. अर्ध्या तासात मंडळाचे बाबाराव स्टेजवर आले आणि अगदी प्रेमानं त्यांनी माझी वायर काढली. समोर फक्त एक बाई उरली होती. तिचं तान्हं दोन दिवसांनी पहिल्यांदा शांत झोपलं होतं, आणि ती पुन्हा लावा म्हणत होती. आमच्या आयुष्यातली तेवढीच वाहवा. परतताना रिक्षात मी दोघांच्या मांड्यांवर होतो आणि दोघं सीताबर्डी येईपर्यंत हसत होते. मी त्या दिवसाइतका सुखी कधीच नव्हतो.

अठ्ठ्याहत्तर साली होळीच्या सुमारास शालिकरामच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, कापावं लागेल, जीव वाचेल, पण आवाजाचं काही खरं नाही. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तो आला. डफ नाही, धोटा नाही. त्यानं नवं रीळ लावायला सांगितलं आणि डोळे मिटून चाळीस मिनिटं, पट्टी संपेस्तोवर, नुसता गुणगुणला. ओमप्रकाशनं खोकासुद्धा लावला नाही. संपल्यावर शालिकराम म्हणाला, "हे तुयापाशी ठेव गा. मी नसलो गात, तं हा गाईन."

ऑपरेशन झालं. शालिकराम वाचला, आवाज गेला. तो खाप्याला पडून असताना ओमप्रकाशच्या मनात आलं, की तो बरा होऊन येईल तेव्हा त्याच्या आवाजामागे ढोलांचा एक हलका थर चढवून ठेवू, खूश होईल. वेडं प्रेम, दुसरं काय. एका संध्याकाळी शॉर्टवेव्हवर हवे तसे ढोल लागले. त्यानं घाईघाईनं रेडिओची वायर मला जोडली, ते रीळ चढवलं आणि लाल बटण दाबलं. तेवढ्यात समोरच्या कापडाच्या दुकानातला फ्यूज उडाला आणि शेठनी हाक मारली. ओमप्रकाश तसाच पळाला.

पुठ्ठ्याची पट्टी टेबलावर पडली होती. त्या सकाळी त्यानं स्पिरिटनं माझी डोकी पुसली होती आणि पट्टी परत चढवायला विसरला होता.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर! शालिकरामचा आवाज माझ्याकडे येत होता आणि मीच तो पुसत होतो. वीतभर, हातभर, मग सगळाच. मला तेच काम येतं आणि मी ते चोख करत होतो. दोन मिनिटांत ढोल संपले आणि कुणी परदेशी माणूस बोलायला लागला. बातम्या असतील, हवामान असेल, देव जाणे. तो न थांबता बोलत राहिला आणि मी ते इमानानं लिहून घेत राहिलो.

ओमप्रकाश आला तेव्हा रीळ संपून पट्टीचं टोक फटफट वाजत होतं. त्यानं पहिल्यापासून लावलं. पुढे नेलं, आणखी पुढे नेलं. सगळीकडे तोच माणूस. मग त्याला टेबलावरचा पुठ्ठा दिसला. दोन दिवस त्यानं स्टोव्ह पेटवला नाही.

जूनमध्ये शालिकराम आला, गळ्याला पंचा गुंडाळून. आता त्याची नुसती कुजबुज उरली होती. दारातूनच त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि पुटपुटला, "टेप लाव ना." ओमप्रकाश म्हणाला, लाइन नाही, वीज गेलीय. पुढच्या रविवारी म्हणाला, पट्टा तुटला. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाला, मशीन बिघडलं. आणि ते खरं वाटावं म्हणून त्यानं मला माळ्यावर चढवलं. मी धडधाकट होतो हो! पण मला विचारतो कोण. शालिकराम यायचा, दारात उभा राहायचा, आणि ओमप्रकाश मान खाली घालून कुठल्यातरी रेडिओत हात घालून बसायचा. लाजेनं त्याला वर पाहवतच नव्हतं. दिवाळीपर्यंत शालिकराम येत राहिला. मग यायचा थांबला.

सात वर्षं मी माळ्यावर होतो. खाली कॅसेटी आल्या, टीव्ही आले, ओमप्रकाशचे केस पिकले. त्याच्याकडे गिऱ्हाईक यायचं आणि जायचं, बसायचं कुणी नाही. शॉर्टवेव्ह त्यानं पुन्हा लावलाच नाही. पालींनी माझ्या मागे अंडी घातली. त्या अंधारात मी एवढंच मनात घोळवत होतो, की तो आज सांगेल, उद्या सांगेल, मोटारीत बसून खाप्याला जाईल आणि सांगून टाकेल. तो गेला नाही.

पंच्याऐंशी साली एक बाई दुकानात आल्या. मनकर्णा, शालिकरामची बायको. शालिकराम जाऊन महिना झाला होता, तेरवी आटोपली होती. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "भाऊ, थे टेप लावून द्या. त्याईचा आवाज आयकाचा आहे मले."

ओमप्रकाशनं मला खाली उतरवलं. धूळ झटकली. सांगायचं सोडून त्यानं सरळ ते रीळ लावलं. सात वर्षांनी वीज अंगात आली आणि मी फिरलो. दोन मिनिटं ढोल वाजले. मग तो परका माणूस बोलायला लागला. मनकर्णाबाई हात जोडून ऐकत राहिल्या. बराच वेळ ऐकल्यावर त्यांनी हळूच विचारलं, हा कोण माणूस आहे म्हणून.

"वहिनी, शालिकचा आवाज माझ्या हातून पुसल्या गेला," ओमप्रकाश म्हणाला. "सात वर्षं झाले. त्याले सांगाची हिंमतच नाही झाली."

त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "त्याईले मालूम होतं भाऊ, टेपले काहीतरी झालं म्हणून. पयल्याच इतवारी. तुम्ही लाइन नाही म्हणाले, अन् तुमच्या डोक्यावर पंखा फिरून राहिला होता."

मित्रांनो, त्या पंख्याकडे माझंसुद्धा लक्ष गेलं नव्हतं.

"मग काहून येत होता तो?" ओमप्रकाशनं विचारलं.

"तुमच्यापाशी बसाले. आवाज गेल्यावर गावात कोण बोलते अशा माणसाशी? टेपचा बहाना होता," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुम्ही बस म्हणालेच नाही."

त्यांना खाप्याची शेवटची मोटार गाठायची होती. त्या उठल्या, माझ्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि गेल्या. त्यांना तरी तो आवाज हवा होता, थोडासा उरला असेल अशी आशा होती, आणि माझ्याकडे तो नव्हता. ओमप्रकाशनं मला बंद केलं नाही. तो परदेशी माणूस शेवटपर्यंत बोलत राहिला आणि ओमप्रकाश त्याच्यासमोर बसून लहान मुलासारखा रडला.

आता मी टेबलावरच असतो. रोज धूळ पुसली जाते, तेलपाणी होतं, माझी काही तक्रार नाही. माझ्यासारख्या यंत्रांची निगा जरूर राखा, पण आमचं एवढं काही नाही. आमचं डोकं बिघडलं तर नवं बसवता येतं. तुमच्या हातून कुणाचं काही पुसलं गेलं असेल आणि तो दारात येऊन उभा राहिला असेल, तर मान खाली घालू नका. आधी त्याला बस म्हणा. बाकीचं मग सांगता येतं.