संस्थापकाचा आजार

तुंगकांगच्या बंदरामागे, देवळाला लागून एक बैठी इमारत आहे. गावातली म्हातारी माणसं तिथे दुपारचं जेवायला जमतात. जेवणाआधी हातपाय हलवायचे, जेवणानंतर गाणी, मग चहा आणि माजोंगच्या सोंगट्यांचा डाव. हे सगळं सुरू केलं हुंग चिन-चू यांनी. नवरा गेल्यावर एकटीपुरता भात शिजवायचा त्यांना वैताग आला, म्हणून शेजारच्या दोन आज्यांना जेवायला बोलावलं. दोनाच्या चार झाल्या, चाराच्या चाळीस, आणि एक दिवस सरकारदरबारी नोंद होऊन त्याचं रीतसर ज्येष्ठ मंडळ झालं. अध्यक्ष चिन-चू. दुसरं कोण होणार?

मंडळ चांगलं चालत होतं, यात वाद नाही. पण ते चालत होतं म्हणजे चिन-चू चालवत होत्या, आणि चालवत होत्या म्हणजे दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. रश्शात मीठ त्यांनीच घालायचं. कोण कुठे बसणार ते त्यांनीच ठरवायचं. गाण्याच्या मशीनला त्यांनी गुप्त आकडा घालून ठेवला होता. तीन वाजले की माजोंग बंद, मग कुणाचा डाव कितीही रंगात आलेला असो. किल्ल्यांचा जुडगा लाल गोफात ओवून गळ्यात. आंघोळीलाच काय तो उतरायचा.

उपाध्यक्ष कुओ हे निवृत्त पोस्टमास्तर. मंडळात त्यांचं काम ‘हो’ म्हणण्याचं होतं आणि ते ते मनापासून करत. पगारी माणूस एकच, यू-वेन नावाची समाजकार्य शिकलेली मुलगी. तिनं आल्या आल्या चार नव्या कल्पना मांडल्या होत्या. चिन-चूंनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या आणि तिला बटाटे सोलायला बसवलं.

अशात जिल्हा कचेरीतून फर्मान आलं. ज्या संस्थेच्या प्रमुखाकडे संस्था-व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र असेल, तिचा अनुदानाचा अर्ज यापुढे आधी विचारात घेतला जाईल. काऊशुंग शहरात वर्ग भरणार होते, दर शनिवारी.

“मला काय शिकवणार ते?” बैठकीत चिन-चू कडाडल्या. “इतकी वर्षं मी काय इथे झोपा काढल्या?”

“तसं कोण म्हणतंय, अध्यक्षबाई?” कुओ म्हणाले. “पण हल्ली सगळीकडे कागद लागतो ना.”

“मग यू-वेनला पाठवा. तिला कागदांची हौस आहे.”

“प्रमुखच पाहिजे असं लिहिलंय, ताई,” यू-वेन म्हणाली.

“आणि शनिवारी इथे कोण बघणार?”

“शनिवारी बंद ठेवू!” चार-पाच जण एका सुरात म्हणाले.

मंडळाच्या इतिहासात इतका झटपट ठराव कधी पास झाला नव्हता. चिन-चूंना भरून आलं. आपल्यावर लोकांचा केवढा विश्वास आहे, असं त्यांना वाटलं.

पहिल्या शनिवारी त्या कपाळाला आठ्या घालूनच बसमध्ये चढल्या. पण खरं सांगायचं तर त्यांना वर्ग आवडला. शिकवणाऱ्या डॉक्टर शेन तरुण होत्या, हसऱ्या होत्या, आणि उगीच मोठे शब्द वापरत नव्हत्या. चिन-चू पहिल्या रांगेत बसू लागल्या. देणगीदाराशी कसं बोलावं, स्वयंसेवक का टिकत नाहीत, कार्यकारिणीनं काय करावं आणि काय करू नये, हे सगळं ऐकताना त्यांची मान सारखी डोलत असे. दर वाक्याला त्यांना कुठल्या ना कुठल्या संस्थेचं वाईट उदाहरण आठवे. स्वतःचं मंडळ सोडून.

शेजारी बसायचा चुआंग. हा त्यांच्याच गावचा, शाळेत त्यांच्याच वर्गातला. गावाबाहेर तो भटक्या कुत्र्यांसाठी आश्रम चालवी. दोघांचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य होतं, पण परक्या शहरात निदान ओळखीचं तोंड म्हणून दोघं एका बाकावर.

एका शनिवारी डॉक्टर शेननी फळ्यावर लिहिलं : संस्थापकाचा आजार.

“संस्था जन्माला घालणारा माणूस मोठा असतो,” त्या म्हणाल्या, “पण कधी कधी तो तिला मोठी होऊ देत नाही. सगळे निर्णय त्याचेच. त्याच्यापुढे कुणी ब्र काढत नाही. तो सुट्टी घेत नाही, कारण आपल्यामागे सगळं कोसळेल अशी त्याची खात्री असते. आणि गंमत म्हणजे, हा आजार ज्याला असतो त्याला सोडून बाकी सगळ्यांना दिसतो.”

चिन-चूंना हसू आवरेना. हुबेहूब चुआंग! आश्रमातल्या एकूणएक कुत्र्याचं नाव तोच ठेवतो, आणि कुणी दुसऱ्या नावानं हाक मारली तर आठवडाभर त्या माणसाशी बोलत नाही. त्यांनी तोंडावर हात धरून बाजूला पाहिलं. चुआंगही तोंडावर हात धरून हसत होता. त्यांच्याकडे बघून.

‘बिचारा,’ चिन-चू मनात म्हणाल्या, ‘कळलंच नाही त्याला.’

गृहपाठ मिळाला : आपल्या माहितीतली अशी एक संस्था निवडायची, नाव न घेता तिचा आजार सांगायचा आणि उपाय सुचवायचा. चिन-चूंनी आठवडाभर कुत्र्यांच्या आश्रमावर मन लावून तयारी केली. पण पुढच्या शनिवारी पहिला नंबर चुआंगचा लागला.

“माझ्या ओळखीची एक संस्था आहे,” तो घसा खाकरून म्हणाला. “तिथे एका आजोबांना गायला बंदी आहे. का, तर ते बेसूर गातात.”

वर्गात खसखस पिकली. चिन-चू सगळ्यांत मोठ्यानं म्हणाल्या, “म्हाताऱ्या माणसाला गाऊ देत नाहीत? काय माणसं असतात एकेक!”

“अध्यक्षा आहेत एक बाई. कुणी जरा उशिरा आलं तर त्याला दाराजवळच्या गार बाकावर बसवतात.”

“मग शिस्त कशी लागणार?” चिन-चू म्हणाल्या, पण जरा हळू.

“स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाला साधं आलं चिरू देत नाहीत. म्हणतात, तुमची सुरी उभी चालते.”

“ते मात्र बरोबर आहे,” चिन-चू सवयीनं बोलून गेल्या. “आलं आडवंच चिरायला हवं, नाहीतर तोंडात दोरे...”

आणि त्या थांबल्या. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. डॉक्टर शेननी हळूच खिडकीकडे नजर वळवली. त्यांचा हा चांगुलपणा चिन-चूंना जास्त लागला.

मधल्या सुट्टीत त्यांनी चुआंगला जिन्यात गाठलं.

“नालायका! कुणी सांगितलं तुला हे?”

“माझी बहीण जेवते की तुझ्याकडे. रोज रात्री फोनवर रडते माझ्याजवळ.”

“आणि तू रे? कुत्र्याच्या पिल्लाचं बारसं तरी कधी दुसऱ्याला करू दिलंस?”

“कुत्र्यांचं वेगळं असतं. त्यांना माझ्याशिवाय करमत नाही.”

“माझ्या लोकांनाही माझ्याशिवाय करमत नाही!”

चुआंग दोन पायऱ्या खाली उतरला. मग त्याला राहवलं नाही. “चिन-चू, शनिवारी तुझ्या मंडळात काय चालतं, माहीत आहे तुला?”

“शनिवारी बंद असतं.”

“बरं,” तो म्हणाला. “बंद असतं.”

चिन-चू पुन्हा वर्गात गेल्याच नाहीत. मिळेल ती बस पकडून त्या तुंगकांगला परतल्या. वाटेत त्यांनी स्वतःला दहा वेळा सांगितलं की चुआंग लहानपणापासून थापाड्या आहे. पण देवळाच्या कोपऱ्यावर वळताच गाणं कानावर आलं. भयंकर बेसूर, आणि भयंकर आनंदी.

मागच्या दाराला नवं कोरं कुलूप उघडं लटकत होतं. चिन-चू खिडकीच्या बाजूला उभ्या राहिल्या. आत जेवणं आटोपली होती. कुओ ॲप्रन बांधून कढई घासत होते आणि कुणालातरी दरडावत होते. ते दरडावू शकतात हे चिन-चूंना पहिल्यांदाच कळलं. यू-वेननं बाकं भिंतीला सरकवून मधे जागा मोकळी केली होती आणि दोन आज्या एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचत होत्या. त्यांतल्या एकीला गुडघ्यांमुळे चालवत नाही अशी चिन-चूंची समजूत होती. चुआंगची बहीण माजोंगच्या पटावर मूठ आपटून ओरडत होती. घड्याळाकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

चिन-चूंनी नाक उंचावून वास घेतला. निदान काहीतरी करपलेलं असावं, अशी त्यांची फार इच्छा होती. काहीच करपलं नव्हतं.

दार ढकलून आत शिरावं, एकेकाची हजेरी घ्यावी, असं मनात आलं. एक पाऊल पुढे टाकलंही. पण आत गेल्यावर काय होईल ते त्यांना डोळ्यांपुढे लख्ख दिसलं : गाणं थांबेल, आज्या बसतील, कुओ ‘हो’ म्हणतील. त्या वळल्या आणि बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसल्या. बराच वेळ समुद्राला शिव्या घातल्या. मग थोडं रडल्या. एक कोळी जाळं आवरता आवरता म्हणाला, “काय झालं, मावशी? कुणी वारलं का?”

“नाही,” चिन-चू नाक पुसत म्हणाल्या. “सगळे ठणठणीत आहेत. तेच तर झालंय.”

त्या आठवड्यात मंडळात त्या गप्प गप्प होत्या. लोकांना वाटलं, तब्येत बरी नसावी. यू-वेननं तर डॉक्टरकडे नेऊ का म्हणूनही विचारलं.

पुढच्या शनिवारी वर्गात त्यांची पाळी आली. चुआंग अवघडून बसला होता. आता आपली कुत्री निघणार हे त्याला कळलं होतं. चिन-चू उभ्या राहिल्या.

“मागच्या वेळी ह्यांनी एका बाईंचं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “ते अर्धवट होतं. बाकीचं मी सांगते. त्या बाईंना मी जवळून ओळखते.”

आणि त्यांनी सांगितलं. मीठ, जागा, बटाटे, सगळं. त्या बाईंना वाटायचं की लोक भुकेले आहेत म्हणून आपण जेवायला घालतो. खरं म्हणजे रिकाम्या घराला त्या घाबरत होत्या, आणि तेवढ्यासाठी त्यांनी चाळीस माणसांना जखडून ठेवलं होतं.

“आणि उपाय?” डॉक्टर शेननी हळूच विचारलं.

“बाईंनी आता बाजूला व्हावं.”

चिन-चूंना पहिल्या श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं, सोनेरी काठाचं. डॉक्टर शेन म्हणाल्या की इतकं स्वच्छ निदान आपण आजवर ऐकलं नव्हतं. चुआंगही कसाबसा पास झाला. बाहेर पडताना तो प्रमाणपत्र छातीशी धरून म्हणाला, “चला, एक बरं झालं. आता मला हा आजार आहे असं म्हणायची कुणाची टाप नाही. सर्टिफिकेटच आहे!”

सोमवारी चिन-चूंनी बैठक बोलावली. प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं, टाळ्या झाल्या. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्याशेजारी ठेवला आणि राजीनामा दिला. संस्था तुमची आहे, शनिवारी तुम्ही ती फार छान चालवता, मी खिडकीतून पाहिलंय, असं त्यांनी सांगितलं. आवाज कापला, पण एकदाच.

कुओंचा चेहरा पांढराफटक पडला. दोन आज्यांनी डोळ्यांना पदर नव्हे पण रुमाल लावले. ‘शेवटी माणसांना माया असतेच,’ चिन-चूंच्या मनात आलं, आणि त्यांचा निश्चय क्षणभर डळमळला.

“अध्यक्षबाई, असं नका करू हो!” कुओ कळवळून म्हणाले. “अर्ज पुढच्या महिन्यात आहे! प्रमाणपत्र तुमच्या नावावर आहे!”

आज्यांनी रुमाल खाली घेतले. मग यू-वेन भीत भीत म्हणाली, “ताई, पुढच्या वर्षी कुओकाका वर्गाला जातील. तोवर तुम्ही अध्यक्ष राहिलात तर? म्हणजे नावाला. स्वयंपाकाच्या पाळ्या आम्ही लावून घेऊ.”

“म्हणजे मी पाहिजे,” चिन-चू म्हणाल्या, “पण मी काही करायला नको?”

“छे, छे, तसं अजिबात...” कुओ म्हणाले, आणि अडखळले. मग त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकले. “हो. तसंच.”

चिन-चू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना असं काही हसू फुटलं की सगळे घाबरले.

नावाच्या अध्यक्षाला काम नसतं. पहिले काही दिवस त्या मंडळाकडे फिरकल्याच नाहीत. घरी कपाटं आवरली, पुन्हा आवरली. शेवटी एका गुरुवारी त्या दुपारी गेल्या आणि इतरांसारख्या रांगेत उभ्या राहिल्या. यू-वेननं त्यांना ताट दिलं आणि बसायला जागा दाखवली. मधल्या टेबलावर, शिए आजोबांच्या शेजारी. आजोबा नव्वदीचे. इतकी वर्षं ते इथेच जेवत होते आणि चिन-चूंनी त्यांच्या पाठीमागून शेकडो हुकूम सोडले असतील, पण शेजारी कधी बसल्या नव्हत्या. अलीकडे आजोबांना चेहरे ओळखू येत नसत.

त्यांनी चिन-चूंना निरखून पाहिलं.

“नवीन आलात का?”

चिन-चूंनी घास गिळला. “हो. नवीनच.”

“चांगलं केलंत. माणसं बरी आहेत इथली.” आजोबा जवळ सरकून कुजबुजले, “पूर्वी एक बाई होत्या. ओरडायच्या फार.”

“कुठे गेल्या त्या?”

“कोण जाणे. शिकायला गेल्या म्हणतात. ह्या वयात!” आजोबांनी मान हलवली. मग जेवायच्या काड्यांनी आपल्या ताटातला माशाचा पोटाकडचा मऊ तुकडा उचलला आणि चिन-चूंच्या भातावर ठेवला. “पण उपाशी नाही ठेवलं हो कधी. खा. गार होईल.”