पिंजऱ्याबाहेरून

पिंजऱ्यातल्या मारामारीचा विषय निघाला की सर नाक मुरडायचे. बेल्टच्या परीक्षेनंतरचं त्यांचं भाषण दरवर्षी तेच असायचं, आणि पालकांना ते आवडायचंही. "जाळीच्या आत दोन माणसं कोंडायची आणि एक पडेपर्यंत बाहेरच्यांनी ओरडायचं, याला मार्शल आर्ट म्हणत नाहीत. याला झुंज लावणं म्हणतात. कला माणसाला हात आवरायला शिकवते." मग सर दोन्ही हात मांड्यांना लावून वाकायचे, मुलं वाकायची आणि टाळ्या पडायच्या.

सरांचा कराटेचा हॉल फर्निचरच्या दुकानाच्या वर होता. खाली करवत सुरू झाली की वर मॅटखालची जमीन थरथरायची, आणि जिन्यात कायम पॉलिशचा वास. मुलांनी फोडायच्या फळ्या त्या दुकानातूनच यायच्या. हलक्या, सरळ रेषांच्या, उन्हात कडकडीत वाळवलेल्या. परीक्षेच्या दिवशी त्या फाटकन मोडायच्या. यात फसवणूक आहे असं सरांच्या कधी मनातही आलं नाही. पोरांचा धीर वाढतो, बस्स.

या हॉलचं खरं वैभव म्हणजे सरांची पुतणी. भाऊ आणि वहिनी अपघातात गेले तेव्हा ती पहिलीत होती. सरांना मूलबाळ नव्हतं. काकूंनी तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि सरांनी मॅटवर घडवलं. आता ती मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती आणि ड्युटी नसेल त्या संध्याकाळी मुलींचा स्वसंरक्षणाचा वर्ग घ्यायची. कुणी मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूनं झटका देऊन हात कसा सोडवायचा, हे तिनं शेकडो मुलींना शिकवलं होतं. मुली तिला ताई म्हणायच्या आणि तिच्यावर जीव टाकायच्या.

एकदा ती दुपारपाळीला असताना एका पेशंटचा मुलगा डॉक्टर का येत नाहीत म्हणून धुसफुसत होता. ती औषधांच्या कपाटाशी उभी होती, तिथं येऊन त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं अंगठ्याच्या बाजूनं झटका दिला. हात सुटला नाही. तिनं पुन्हा दिला. त्यानं तिला कपाटावर रेटलं आणि कोपरापासूनचा हात तिच्या गळ्यावर आडवा दाबला. फरशी पुसणाऱ्या मावशी धावल्या आणि त्यांनी भरलेली बादली त्याच्या पाठीत घातली, म्हणून ती वाचली.

घरी आल्यावर काकूंनी तिच्या गळ्यावरचे वळ बघितले. सरांनीही बघितले. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "अंगठ्याच्या बाजूनंच ओढलास ना हात?"

"अहो, हे काय विचारताय?" काकू म्हणाल्या.

"ओढला," पुतणी म्हणाली. "दोनदा."

"मग घाबरली असशील. मन जागेवर नसलं की तंत्र फसतं."

तिनं ग्लास खाली ठेवला आणि मनगट पुढे केलं. "धरा."

"आत्ता कशाला?"

"धरा काका. घट्ट धरा."

सरांनी धरलं. तिनं झटका दिला, हात सुटला. सरांच्या चेहऱ्यावर समाधान उमटतंय तोच ती म्हणाली, "तुम्ही सोडलात."

"मी कशाला सोडू?"

"सोडलात. तुम्हाला कळलंसुद्धा नाही. आपल्या हॉलमध्ये हात सुटतो, कारण धरणाऱ्याला तो सोडायचाच असतो. मी इतक्या मुलींना हेच शिकवत आले."

त्या क्षणी तिला जवळ घ्यावं, असं सरांना वाटलं नाही असं नाही. पण आयुष्यभराच्या कामावर कुणीतरी बोट ठेवलं होतं, आणि तेही घरच्या माणसानं. ते म्हणाले, "उद्या वर्गावर ये. काय चुकलं ते बघू."

दुसऱ्या दिवशी ती वर्गावर आली नाही. त्यानंतरही नाही.

ती कुठं जाते हे सरांना पालकांकडून कळलं; हॉलमधली काही मुलंही तिच्यामागे तिकडंच गेली होती. टायरच्या गोदामामागे एका माणसानं पिंजरा थाटला होता. मॅटवर घासून घासून त्याच्या दोन्ही कानांचे गोळे झाले होते, म्हणून सगळे त्याला कान्या म्हणायचे. मग एका सकाळी ते तिला परत आणायला निघाले.

आत घामाचा आणि फिनेलचा वास कोंदला होता. भिंतीवर ना कुणाची तसबीर, ना नियमांची पाटी. मॅटवर जोड्या एकमेकांत गुंतलेल्या, आणि त्यातल्या एका जोडीत पुतणी. तिच्या अंगावर दीडपट वजनाचा गडी होता आणि ती त्याच्याखालून शांतपणे एकेक बोट जागा करत निघत होती.

कान्या अदबीनं पुढे आला. "या सर. ताई तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतात."

"तिला न्यायला आलोय. ही कला नव्हे."

"नसेल. मी शिकलेला माणूस नाही, नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. फक्त एक करा. ताईंना मिनिटभर खाली दाबून ठेवा. ठेवलंत तर खुशाल घेऊन जा."

"काका, नको," पुतणी म्हणाली.

तिनं नको म्हटलं नसतं तर सर कदाचित मागे फिरले असते. त्यांनी चपला काढल्या, शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पुढं जे झालं ते त्यांना नीट समजलंही नाही. त्यांनी तिचे खांदे दाबले, तिनं कंबर वळवली, छत फिरलं आणि ते पाठीवर होते. तिचा गुडघा त्यांच्या पोटावर होता आणि त्यांचा हात तिच्या दोन्ही हातांत, कोपरातून ताणलेला. ती जोर करत नव्हती. सुटायचं कसं, हे चाळीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला आठवेना, कारण आठवण्यासारखं काही नव्हतंच.

"मॅटवर थाप मारा, मी सोडते," ती हळूच म्हणाली.

सरांनी थाप मारली नाही. ती थोडा वेळ थांबली, मग तिनंच हात सोडला आणि उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काकांचा पाय घसरला. मॅट ओली आहे."

कुणी हसलं नाही. कान्यानं तर मान खाली घातली. ती दया सरांच्या घशाखाली उतरेना. कुणी खदखदून हसलं असतं तर परवडलं असतं.

पुढे ती पिंजऱ्यात उतरणार अशी बातमी आली. काकू सरांच्या मागे लागल्या. "तुम्ही जा. ती जिंको नाहीतर हरो, घरचं कुणीतरी तिथं हवं."

"मी तिथं पाऊल ठेवणार नाही."

"गोदामामागे ठेवलंतच की," काकू म्हणाल्या. "तिला हरवायला गेलात, आता तिच्यासाठी जा."

सर गेले. लोखंडी जाळी, वर पांढरे दिवे, आणि खुर्च्यांवर नुसतं पेटलेलं पब्लिक. ठरलेली प्रतिस्पर्धी ऐनवेळी आजारी पडली होती आणि आयोजकांनी तिच्या जागी दुसरीच आणली होती. उंचीनं जास्त, हातांनी लांब, अशा लढती कोळून प्यायलेली. कान्यानं नकार द्यायला हवा होता. पण तिकिटं खपली होती, आणि तो म्हणाला, "मोठी आहे, पण मंद आहे."

पहिली फेरी पुतणीचीच होती. त्या बाईनं हात टाकला की ही तिथं नसायची. आणि मग, अगदी मध्यावर, तिनं पायानं त्या बाईचा टेकलेला पाय झाडला आणि तिला पाठीवर पाडलं. सर खुर्चीतून उभे राहिले. तो डाव त्यांचा होता. तिच्या लहानपणी त्यांनी तो तिच्याकडून पोटरी सुजेपर्यंत घोटून घेतला होता. आजवर तो डाव त्यांनी फक्त पडायला तयार असलेल्यांवर चाललेला पाहिला होता. पडायचं नाही असं ठरवून आलेल्या माणसावर तो चालतो, हे त्यांना आज कळलं, आणि तेही जिथं पाऊल ठेवणार नाही म्हणाले होते तिथं. त्यांचे डोळे भरून आले. शेजारचा माणूस ओरडत होता, आणि सरही ओरडत होते.

दुसऱ्या फेरीत त्या बाईचं कोपर पुतणीच्या भुवईवर बसलं. ती गुडघ्यावर आली, मग कुशीवर कलंडली. हात उघडे पडले. पंच दोन पावलं पुढे आले, थांबवण्यासाठी त्यांचा हात वर जात होता.

आणि सर ओरडले, "ऊठ."

हॉलमध्ये पोर पडलं की सर एवढंच म्हणायचे. पहिलीतल्या त्या पोरीला त्यांनी हा शब्द इतक्या वेळा ऐकवला होता की, त्या गदारोळातही तिच्या अंगानं तो ओळखला. ती उठली. धड उभीही नव्हती, पण उठली, म्हणून पंच मागे सरले. पुढच्या ठोशाला तिनं हातसुद्धा वर केले नाहीत. तिचं तोंड पिंजऱ्याबाहेर, आवाज आला त्या दिशेला होतं.

डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, पुन्हा झालं. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. इंजेक्शनच्या बाटलीत सुई नेमकी जाईना, तेव्हा हॉस्पिटलनं तिला वॉर्डातून काढून चौकशीच्या खिडकीत बसवलं.

कान्या एकदा घरी येऊन गेला. चहाला हात लावला नाही. "चूक माझी सर," तो म्हणाला. "ती बाई बघितल्यावरच मी नाही म्हणायला हवं होतं. पण ताई खाली राहिल्या असत्या तरी वाचल्या असत्या. पंच थांबवतच होते. का उठल्या कळत नाही."

पुतणी पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिनं सरांकडे पाहिलं नाही. "तोल सावरत होते," ती म्हणाली.

कान्या गेल्यावर सर तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "तू ऐकलंस," ते म्हणाले.

"ऐकलं."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला माहीत आहे काका. तुम्हाला वाटलं, आपला डाव जिंकतोय." मग पट्टी नसलेला डोळा मिटून ती म्हणाली, "दार ओढून घ्या. उजेड टोचतो."

काही आठवड्यांनी ती हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. काकू तिच्याकडे जाऊन राहतात, येताना तिचे कपडे उसवायला-शिवायला घेऊन येतात. काका कसे आहेत हे ती विचारते का, असं सरांनी एकदाच विचारलं. काकू म्हणाल्या, "जेवण वाढू का?"

हॉलमध्ये मात्र गर्दी वाढली. कान्याकडे गेलेली मुलं परत आली, आणखीही आली. पालक एकमेकांना सांगत होते, बघा, सर पहिल्यापासून म्हणत होते, घरची पोर तिकडं गेली तरी आपलं तत्त्व सोडलं नाही. सरांनी एकदा मनगटाची सुटका वेगळ्या पद्धतीनं शिकवून पाहिली. धरणाऱ्याला सांगितलं, काही झालं तरी सोडू नकोस. एकही हात सुटला नाही. दोन मुली रडल्या, एकीच्या वडिलांनी येऊन हुज्जत घातली. पुढच्या वर्गापासून हात पुन्हा सुटायला लागले.

बेल्टच्या परीक्षेला या वर्षी खुर्च्या कमी पडल्या. सरांनी भाषण केलं नाही. लोकांना वाटलं, दुःखामुळे. नंतर एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी सहा-सात वर्षांची, आईचा पदर धरून उभी.

"सर, हिच्या बाबांना ते टीव्हीवरचं पिंजऱ्यातलं आवडतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, ते नको. मुलीला खरी कला शिकू दे. खरी ती हीच ना?"

खाली करवत सुरू झाली होती. सरांनी ती थांबायची वाट पाहिली.

"हो," ते म्हणाले, "हीच." आणि गणवेशाचं माप घ्यायला त्यांनी मुलीला जवळ बोलावलं.