फुकट जाणारी फ्रेम

रंगनाथ माझा नवरा नाही, भागीदार. नारायण पेठेत हे समजावून समजावून माझं तोंड दुखलं. पेपरातली नोकरी सोडून आम्ही ही फोटो एजन्सी काढली, तेव्हा कुणाच्या बापाला भिणार नव्हतो. आता कंप्युटर कंपन्यांच्या इमारतींच्या फिती कापतानाचे फोटो विकतो. तो काढतो, मी धुते. म्हणजे फिल्म, भांडी नव्हेत.

त्या दुपारी मांजरी गावाहून सुंदराबाई आली. हातात आमच्याच फोटोचं कात्रण. नव्या इमारतीवरून पडलेला मजूर : वर चादर, बाहेर दोन पाय. खाली आमच्या एजन्सीचं नाव.

"ह्यो माझा ल्योक हाय, पोपट," ती म्हणाली. "उद्या दहावा. घरात त्याचा एक फोटो न्हाय. ह्यात नुसते पाय दिसत्यात. पायाला हार घालू का, बाई?"

मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. इतकी प्रेतं धुऊन वाळत घातली आहेत की आतून पार बधिर झालेय. मी आपलं विचारलं, "चहा घेणार?"

रंगनाथ खिडकीशी उभा होता. "हिरा, रोल मी तिथंच भरला होता," तो म्हणाला. "तो पडायच्या आधी. शिडीवर बसला होता."

कॅमेऱ्यात फिल्म भरली की पहिल्या एकदोन फ्रेम उजेड लागून जळतात. त्या कशावर तरी उडवून द्यायच्या असतात. रंगनाथ त्या भिंतीवर उडवत नाही, समोर जो माणूस असेल त्याच्यावर उडवतो. सवय त्याची. ते जळकं टोक कापून डब्यात टाकायची सवय माझी.

डबा टेबलावर उपडा केला. एकेक तुकडा दिव्यासमोर धरत गेले. शिडी सापडली.

डार्करूममध्ये सुंदराबाई माझ्या शेजारी उभी राहिली. लाल दिव्याखाली कागद औषधात बुडवला. अर्धा कागद पांढराच राहिला. उरलेल्या अर्ध्यावर हळूहळू चेहरा आला.

"अगं बया! हसतोय," ती म्हणाली. "कुणाकडं बघून?"

"माझ्याकडे," रंगनाथ दाराबाहेरून म्हणाला. "केस सारखे करायला लागला. म्हटलं, राहू दे रे, हा फोटो फुकट जाणार आहे."

ती ओल्या कागदावर वाकली. मग म्हणाली, "त्याच्यासंगं शेवटचं तुमीच बोललात म्हनायचं. उद्या नदीवर या."

रंगनाथ कॅमेरा न घेता गेला. परत आला तो थेट खुर्चीत बसला.

"कावळा शिवेना," तो म्हणाला. "आईनं सांगितलं, भावानं सांगितलं, धाकटीचं लग्न करू म्हणून झालं. पिंड तसाच. मग तिनं मला पुढं केलं."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, पोपट, फोटो फुकट गेला नाही रे."

"मग?"

"शिवला."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण त्या दिवसापासून रोलचं टोक कापायला माझा हात धजत नाही.